कोणी म्हणजे कोण?

नाटकात मला नवरा केलं ते अभिनयामुळे नव्हे, उंचीमुळे. इंग्रजी सहावीच्या वर्गात सगळ्यांत उंच मी, आणि आवाज असा की मी 'हजर' म्हटलं की शेजारच्या वर्गात फळ्यावरचा खडू थांबतो. तोवर मी उंची लपवायला पाठीत पोक काढून चालायचे. विलासरावाचं काम मिळालं आणि नाटक बसवणाऱ्या गोगटेबाईंनी सांगितलं, नवरा ताठ चालतो. तेव्हापासून मी जी ताठ चालते ती आजतागायत. आई म्हणते, एवढं ताठ चालणारीला स्थळ मिळायचं नाही. मी म्हणते, मीच नवरा आहे, मला स्थळ कशाला.

नाटक बाईंनी स्वतः लिहिलं होतं. विलासराव आणि मालती यांचा नवा संसार, घरात सासू, सासरे आणि यमू नावाची छोटी नणंद. मालती रुसते, विलासराव तिची समजूत काढतो, पडदा पडतो. गोगटेबाईंनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा नवरा फारच चांगला होता. तो बायकोला 'प्राणेश्वरी' म्हणायचा, आणि एखाद्या वेळी नव्हे, दर वाक्याला. मालती झाली होती माझी मैत्रीण गुणमाला, हळदीचे व्यापारी पायगोंडा पाटील यांची मुलगी. मी 'प्राणेश्वरी' म्हटलं की तिला हसू फुटायचं, आणि माझा हात तिच्या खांद्यावर असल्यामुळे ते हसू हातातून थेट माझ्या पोटात उतरायचं. मग हसू दाबायला मी आवाज आणखी चढवायचे.

बाई वैतागल्या. "उमे, तू नवरा आहेस, फौजदार नव्हेस. बायकोची समजूत काढते आहेस की चोर पकडते आहेस?"

मी ठरवलं, खरे नवरे बघून यायचं. सांगलीत नवऱ्यांना तोटा नाही. सुरुवात घरापासून केली. आमचे तात्या एका वकिलांकडे कारकून आहेत. ते आईशी बोलतात ते वर्तमानपत्राच्या आडून. आमटीत मीठ कमी आहे असं ते वर्तमानपत्राला सांगतात, आणि काल जास्त होतं तेव्हा बरं चाललं, असं आई चुलीला सांगते. मग मी गुणमालाच्या घरी गेले. तिचे अण्णा दुकानातून आत हाक मारतात ती 'गुणा' अशी, आणि बाहेर येते ती तिची अव्वा, म्हणजे आई. हाक ऐकून खरी गुणा गेली तर म्हणतात, तू कशाला आलीस? मी पोट धरून हसले. पेठेतले आणखी चार नवरे पाहिले. कुणी खाकरतो, कुणी काठी आपटतो. अख्ख्या पेठेत एकसुद्धा प्राणेश्वरी सापडली नाही.

त्याच दिवसांत आमच्या घरात एक खराखुरा रुसवा चालू होता, आणि तो बाईंच्या नाटकासारखा वीस मिनिटांत मिटण्यातला नव्हता.

माझी थोरली बहीण, ताई, दिवाळीला साताऱ्याहून आली ती संक्रांत आली तरी परत जायचं नाव काढीना. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. भावोजी, म्हणजे चिंतामणराव, साताऱ्यात एका हायस्कुलात गणित शिकवतात. रागावत नाहीत, हात उगारत नाहीत, तपकिरीचंसुद्धा व्यसन नाही. सासूबाईही वाईट नाहीत. मग झालं तरी काय, हे विचारून विचारून आई थकली. ताईने ते मला सांगितलं, तेही आम्ही दोघी जात्यावर बसलो असताना, घरघरीत दुसऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

ताई मूळची शरयू. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात ना, तशी ती क्षमा झाली. ते नाव भावोजींनी स्वतः निवडलं होतं.

"आणि लिहिलं तेवढंच," ताई म्हणाली. "त्यानंतर एकदाही तोंडातून काढलेलं नाही. मला बोलावतात कसं माहीत आहे? 'कोणी पाणी देईल का?' 'कोणी माझा कोट पाहिला का?' मी त्या घरात कोणी आहे, उमे. कोणीही चालेल अशी कोणी."

माझा हात जात्याच्या खुंट्यावरच राहिला. कारण ते 'कोणी' मी ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलंही होतं. मे महिन्यात मी साताऱ्याला ताईकडे राहून आले. तिचं घर मंगळवार पेठेत, खोल्या तीन आणि माणसं डझनभर. नवरा-बायकोला एकमेकांशी चार शब्द बोलायचे असतील तर बाकीच्या घराने रस्त्यावर जाऊन उभं राहावं, अशी जागा. भावोजी शाळेत असे खणखणीत शिकवतात म्हणे की रस्त्याने जाणाऱ्या टांगेवाल्याला समीकरण सुटावं. पण घरात पाय टाकला की त्यांचा आवाज बाहेर चपलांजवळ राहतो. एके दिवशी ते ओसरीवरून हळूच म्हणाले, कोणी चहा देईल का? मी उठले आणि चहा नेऊन दिला. त्यांनी तो मुकाट्याने घेतला, कप खाली ठेवला, आणि पुन्हा हवेत बघून म्हणाले, कोणी चहा देईल का? मी म्हटलं, भावोजी, आत्ता तर घेतलात. त्यांचे कान लालभडक झाले. साखर रेशनवर, त्यामुळे सासूबाईंनीही डोळे मोठे केले. गणिताचे मास्तर किती विसराळू, म्हणून ही गोष्ट मी सांगलीत दहा घरी सांगितली होती.

संक्रांतीच्या आधी ताईच्या सासऱ्यांचा, विष्णुपंतांचा, निरोप आला. चिंतामण स्वतः न्यायला येतो आहे. या खेपेला सून आली नाही तर आमच्याकडून पुन्हा बोलावणं येणार नाही. आईने पदर डोळ्यांना लावला. तात्यांनी वर्तमानपत्राचं एकच पान कितीतरी वेळ वाचलं. ताई मात्र शांतपणे म्हणाली की मी जाणार नाही, मला नाव नसलेल्या घरात राहायचं नाही. ती असं शांतपणे बोलली की मला भीती वाटते. आमच्यात आरडाओरडा करायचं खातं माझ्याकडे आहे.

भावोजी आले ते नेमके आमच्या गॅदरिंगच्या दिवशी. लढाईपायी पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून साताऱ्याची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे बंबासारखी टाकी, आणि तिचा सगळा धूर प्रवाशांच्या तोंडावर. भावोजी ओसरीवर उभे राहिले तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत काळे होते. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "कोणी हातपाय धुवायला पाणी देईल का?"

ताई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. ती उठली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं, ऐकलंस ना, अशा नजरेने. शेवटी आईच तांब्या घेऊन गेली. भावोजी म्हणाले, आई, तुम्ही कशाला? मग त्यांनी पाय धुतले, हात धुतले, आणि तोंड धुवायचं विसरून तसेच झोपाळ्यावर बसले. जेवणं झाली. एकमेकांशी एक अक्षर नाही. उद्याच्या सकाळच्या मोटारीने ते एकटेच जातील, असं ताईने आईला सांगून टाकलं. तरी नाटकाला मात्र सगळे आले. सगळे आले नाहीत तर मी घरीच विलासराव करून दाखवीन, असा धाक मी घातला होता.

रॉकेलही मिळत नसल्यामुळे नाटक बाईंनी दुपारी, लख्ख उजेडी ठेवलं होतं. त्यामुळे स्टेजवरून मला प्रत्येक तोंड दिसत होतं. डावीकडे बायका, त्यांत आई आणि ताई, पुढेच गुणमालाची आज्जी. उजवीकडे पुरुष, त्यांत तात्या आणि अजूनही अर्धवट काळे भावोजी. मी तात्यांचा कोट घातला होता आणि डिंकाने मिशी चिकटवली होती.

पहिला प्रवेश बरा झाला. मग आला रुसव्याचा. मालती रुसून पडद्याआड स्वयंपाकघरात गेलेली. स्टेजवर सासरे दाढी सांभाळत पोथी वाचताहेत, सासू वाती वळते आहे, यमू पाढे म्हणते आहे. मी बाहेरून आले आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "प्राणेश्वरी..."

पुरुषांच्या बाजूने कुणीतरी मोठ्यांदा फिसकन हसलं. मिशीचं एक टोक सुटून माझ्या तोंडात आलं. आणि पुढचं सगळं भाषण माझ्या डोक्यातून गेलं, जणू नव्हतंच. बाई विंगेतून मला आठवण करून देत होत्या, मुखचंद्र, मुखचंद्र. मी सासऱ्यांकडे बघितलं, सासूकडे बघितलं. मनात म्हटलं, यांच्या देखत मुखचंद्र? कुठला नवरा असं बोलायला धजेल? आणि मिशीचं टोक थुंकून माझं तोंड आपलं आपण बोललं, अगदी भावोजींच्या आवाजात:

"कोणी पाणी देईल का?"

बायकांच्या बाजूच्या माना एकदम वर झाल्या.

सासू झालेली मुलगी बिचारी मदतीला धावली. आपलं वाक्य नसतानाही तांब्या घेऊन उठली. मी म्हटलं, आई, तुम्ही बसा. आणि पुन्हा पडद्याकडे बघून तेच म्हटलं. तेव्हा यमू उठली. मी म्हटलं, यमे, तू पाढे म्हण. तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा घाबरून सासरेसुद्धा दाढी धरून उठायला लागले. बाबा, तुम्ही कशाला, असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आईला 'आई' होतं, बाबांना 'बाबा' होतं, यमूला 'यमे' होतं. घरातल्या प्रत्येकाला हाक होती. 'कोणी' उरलं होतं ते फक्त एकीसाठी. बीजगणितात आम्ही क्ष मांडतो ना, तसं. दिसायला वाटतं, कुठलीही संख्या चालेल. पण गणित सोडवत गेलं की ही नव्हे, तीही नव्हे, असं करत शेवटी एकच उरते, आणि तिच्या जागी दुसरी घातली तर उत्तर चुकतं. मला साताऱ्यातला तो दुसरा चहा आठवला. मास्तर विसराळू नव्हते. चहा घेऊन गेलेली मी चुकीची संख्या होते.

गुणमाला मात्र पडद्याआडून यायला तयार नव्हती. तिला लिहून दिलेल्या संवादांत पाणी नव्हतं, ती प्राणेश्वरीची वाट बघत होती. शेवटी तिच्या आज्जीला राहवलं नाही. नाटक आहे हे विसरून ती पुढच्या रांगेतून ओरडली:

"आगं गुणे, ऐकू येत न्हाई व्हय? तुलाच बोलवतोय न्हवं त्यो. जा की पानी घिऊन."

सगळा मांडव हसला. गुणमाला तांब्या घेऊन बाहेर आली. रुसलेली होती, ते ती विसरली नव्हती. तिने तांब्या माझ्यासमोर ठेवला, तोंड फिरवलं आणि मांडवाच्या खांबाला सांगितलं, "कोणाला तहान लागली असेल, तर हे पाणी."

मग बायका जे हसल्या ते वेगळंच हसू होतं. एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, डोळे पुसत होत्या. मी तो तांब्या तळापर्यंत प्यायले, मिशीसकट. पिता पिता डोळ्याच्या कोपऱ्यातून ताईकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती मान वळवून पुरुषांच्या बाजूला बघत होती. तिथे भावोजी खाली मान घालून बसले होते, आणि त्यांचे कान मला स्टेजवरून दिसत होते, इतके लाल.

पडदा पडल्यावर बाईंनी मला धरलं, माझा मुखचंद्र कुठे गेला म्हणून. पण तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई येऊन म्हणाल्या, रुसवा काय सुरेख काढलात, अगदी घरातल्यासारखा. तेव्हा तो मुद्दामच तसा बसवला होता असं गोगटेबाईंनी सांगितलं. मला चालेल. मला त्या नाटकातल्या संसारातून मिळायचं ते मिळालं होतं. खऱ्या घरात माणूस पाणी मागतो, हाताशी असेल ती आणून देते आणि जो तो आपापल्या कामाला लागतो. नाटकातलं घर खोटं, तिथे दुसरं काम नव्हतं, म्हणून पाणी कुणाकडे मागितलंय ते बघायला मला उभं राहता आलं.

हे सगळं ताईला सांगायचं म्हणून मी रस्ताभर तिच्या शेजारून चालले. पण तिचा चेहरा बघून, काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

घरी आलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. तात्या आणि भावोजी झोपाळ्यावर बसले, तात्यांच्या हातात सकाळचंच वर्तमानपत्र. आई वाती घेऊन बसली. ताई आत. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या.

"कोणी," भावोजी म्हणाले आणि थांबले. कड्याही थांबल्या. "कोणी पाणी देईल का?"

आई सवयीने उठायला लागली.

"तू बस," तात्या म्हणाले. वर्तमानपत्राला नव्हे, आईला. मग माझ्याकडे वळले. "तूही बस. तू नवरा आहेस."

आम्ही बसलो. आत भांड्याचा आवाज झाला, मग पाणी ओतल्याचा. ताई बाहेर आली. पाण्याचं भांडं तिने खाली ठेवलं नाही, हातातच धरून उभी राहिली. आणि आई, तात्या, मी, सगळे बसलेले असताना तिने सरळ भावोजींना विचारलं:

"कोणी म्हणजे कोण?"

वडील माणसांच्या देखत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे भावोजींना भर पेठेत नाचायला सांगण्यासारखं होतं. त्यांनी झोपाळ्याची कडी घट्ट धरली.

"क्ष," ते म्हणाले.

मला क्षणभर वाटलं, माझ्या मनातलं गणित यांना कसं कळलं. मग लक्षात आलं की नाव निघता निघता अडकलं आहे. तात्यांनी वर्तमानपत्र एवढं वर धरलं की ते त्यामागे पार दिसेनासे झाले. वर्तमानपत्र थरथरत होतं.

"पुढचं अक्षर?" ताई म्हणाली. आवाज कडक होता, पण भांड्यातलं पाणी हिंदकळायला लागलं होतं.

"ते... साताऱ्याला गेल्यावर."

"साताऱ्याला माणसं डझनभर आहेत."

"रविवारी यवतेश्वराच्या डोंगरावर जाऊ," भावोजी म्हणाले. ते बोलत होते आपल्या पायाच्या अंगठ्याशी, पण आवाज चपलांजवळून उठून थेट घरात आला होता. "तिथे मोठ्याने म्हणता येईल."

ताईने भांडं पुढे केलं. देता-घेता अर्धं पाणी भावोजींच्या धोतरावर गेलं. ताई त्यांच्याकडे बघत होती, आणि मग पदर तोंडाला लावून हसली. "आणि आधी तोंड धुवा," ती म्हणाली. "सकाळपासून काळं आहे."

दुसऱ्या दिवशी मी मोटारस्टँडवर पोचवायला गेले, ताठ चालत, ताईची ट्रंक घेऊन. आईने ताईची ओटी भरली होती, ताईचे डोळे पुसून झाले होते, सगळं यथासांग झालं होतं. फक्त मोटार सुरू होत नव्हती. ड्रायव्हर ज्ञानूने टाकीत कोळसा ढोसला, पंखा फिरवला, शिव्या दिल्या. धुराचा लोट निघाला, पण गाडी जागची हलेना. शेवटी त्याने आत डोकं घालून सांगितलं की पुरुषमाणसांनी खाली उतरावं आणि जरा धक्का मारावा.

सगळ्यांत आधी उतरले भावोजी. धुरात मागे जाऊन त्यांनी गाडीला हात लावला. इकडे आत ताईही जागेवरून उठली, त्यांच्यामागून उतरायला. भावोजींना ते काचेतून दिसलं असावं. कारण धुरातून त्यांचा आवाज आला, शाळेतला, खणखणीत:

"कोणी उतरू नये. धूर फार आहे."

अर्धीमुर्धी उठलेली सगळी पुरुषमंडळी हे ऐकून सुस्कारा टाकून खाली बसली. मास्तरांनीच सांगितलं म्हटल्यावर काय. उतरली फक्त एक जण, जिला उतरू नये म्हणून सांगितलं होतं ती. ताईने पदर खोचला आणि हसत हसत भावोजींच्या शेजारी जाऊन मोटारीला हात लावला.

ज्ञानूने कपाळावर हात मारला. "आवं मास्तर, कोनी उतरू नगा म्हनं. मग गाडी काय तुमी दोघंच ढकलनार व्हय?"

दोघंही नुसते हसत होते आणि काळे होत होते. तेव्हा मी ट्रंक खाली ठेवली, मोटारीच्या दाराशी गेले, आणि विलासरावाचा आवाज काढून सगळ्यांना खाली उतरवलं.